पृष्ठावाचून ग्रंथ

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठीय चर्चासत्रात एका तरुण अभ्यासकाने एका भारतीय कादंबरीच्या इंग्रजी भाषांतरातील उतारा वाचून दाखविला, आणि अध्यक्षांनी रीतीप्रमाणे त्याचा पृष्ठांक विचारला. अभ्यासकाने हातातल्या यंत्रावर बोट फिरवून पाहिले आणि तो म्हणाला, "या पुस्तकाला पृष्ठे नाहीत, सर." सभागृहात हशा पिकला. समारोपात अध्यक्षांनी 'पृष्ठावाचून ग्रंथ आणि ग्रंथावाचून पांडित्य' असा एक चिमटाही काढला. मला मात्र त्या हशात सामील होता आले नाही. अवतरण हा टीकेच्या व्यवहारातील पुरावा होय, आणि पृष्ठांक हा त्या पुराव्याचा पत्ता. तो पत्ताच नाहीसा झाला असेल, तर तो कोणी नाहीसा केला, केव्हा केला आणि त्याच्या बदल्यात काय दिले, हे पाहणे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे; ते यंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

ते पुस्तक ज्या स्वरूपात त्या यंत्रावर आले होते त्याला 'ईपब' म्हणतात. विद्युत्पुस्तकांसाठी ठरविलेले हे खुले मानक आहे. खुले म्हणजे त्याचे नियम प्रसिद्ध आहेत, ते कोणालाही वाचता येतात आणि त्यांबरहुकूम कोणालाही पुस्तक घडविता येते किंवा पुस्तक वाचण्याचे साधन बनविता येते. त्याचा इतिहास आजवर मुख्यतः यंत्रज्ञांनी आणि पुस्तकविक्रीच्या धंद्यातील लोकांनी लिहिला आहे. वस्तुतः तो पाठाचा इतिहास आहे, आणि म्हणून आपला आहे.

या कथेचा आरंभ दोन टोकांपासून करावा लागतो. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला; 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या ग्रंथभांडाराचा तो प्रारंभ मानला जातो. हार्टची भूमिका साधी होती: अक्षरे तेवढी जपावीत, बाकी सर्व सोडून द्यावे. या साधेपणाचा लाभ असा की तशा फाइली आजही कोणत्याही यंत्रावर उघडतात. हानी अशी की तिरपा टंक, प्रकरणांची रचना, तळटीपांचा मूळ मजकुराशी असलेला धागा, हे सारे त्या उघड्या अक्षरांतून गळून पडते. दुसऱ्या टोकाला १९९३ मध्ये अडोबी कंपनीने आणलेले पीडीएफ हे स्वरूप उभे आहे. तेथे पृष्ठ जसेच्या तसे गोठविलेले असते. समासापासून पृष्ठांकापर्यंत सर्व जागच्या जागी. पण ते पृष्ठ हातावर मावणाऱ्या पडद्यावर आणले की वाचकाला एकेक ओळ उजवी-डावीकडे सरकवीत वाचावी लागते. एकीकडे पृष्ठ नसलेली अक्षरे आणि दुसरीकडे पृष्ठाच्या कैदेतील अक्षरे, अशी ही कोंडी होती.

१९९८ मध्ये 'रॉकेट ईबुक' आणि 'सॉफ्टबुक' अशी दोन वाचनयंत्रे अमेरिकेच्या बाजारात आली. प्रत्येकाचे स्वरूप निराळे, म्हणजे प्रकाशकाने एकच पुस्तक दोनदा घडवावयाचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्ग येथे तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने भरविलेल्या परिषदेत सामाईक स्वरूपाची कल्पना जाहीरपणे मांडली गेली, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये 'ओपन ईबुक पब्लिकेशन स्ट्रक्चर' या नावाने तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. नवीन भाषा न शोधता आंतरजालाच्या पानांसाठी रूढ झालेली एचटीएमएल आणि १९९८ मध्येच मान्यता पावलेली एक्सएमएल यांच्यावर तिची उभारणी केली, हा या मंडळींचा शहाणपणा. परंतु ही सामाईकता प्रकाशकापुरतीच होती. प्रकाशकाने एकच फाइल द्यावयाची, आणि प्रत्येक कंपनीने ती आपल्या बंद स्वरूपात पुन्हा बांधून वाचकाला विकावयाची, असा रिवाज पडला. शिधा एक, चुली वेगळ्या! मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये आणलेले वाचनसाधन याच जातीचे. २०१२ मध्ये कंपनीने ते बंद केले, आणि त्या चुलीवर शिजलेले अन्न तिच्याबरोबरच थंड झाले.

२००५ मध्ये या मानकाची धुरा वाहणाऱ्या संस्थेने 'इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरम' हे नाव घेतले, आणि सप्टेंबर २००७ मध्ये 'ईपब' या नावाने तिने जे मानक मान्य केले त्यात ही उणीव भरून निघाली. आता प्रकाशकाच्या हातून निघालेली फाइल जशीच्या तशी वाचकाच्या हाती जाऊ शकत होती. इतिहासाला योगायोगांची हौस असते असे म्हणतात. अवघ्या दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, ॲमेझॉनने 'किंडल' हे यंत्र बाजारात आणले, आणि त्यासाठी ईपब न स्वीकारता आपण २००५ मध्ये विकत घेतलेल्या मोबीपॉकेट या फ्रेंच कंपनीच्या स्वरूपाचा आधार घेतला. अशा रीतीने जगातील सर्वांत मोठे पुस्तकांचे दुकान सामाईक व्यवस्थेच्या बाहेर राहिले. २००९ मध्ये सोनी कंपनी ईपबकडे वळली, त्याच वर्षी गूगलने स्वामित्वमुक्त अशी दहा लाखांहून अधिक पुस्तके या स्वरूपात खुली केली, आणि २०१० मध्ये ॲपलच्या आयपॅडवरील पुस्तकांसाठी हेच स्वरूप निवडले गेले. २०२२ मध्ये किंडलने वाचकाने धाडलेली ईपब फाइल स्वीकारण्यास आरंभ केला. मात्र यंत्रावर जाताना तिचे रूपांतर कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपात होते. धंद्याची हकीकत याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

अधिक रसाचा भाग आहे तो या फाइलीच्या पोटातला. 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी गुंफण्याचा, गाठ मारण्याचा अर्थ आहे हे आपण जाणतोच. ईपब ही अक्षरशः अशी बांधलेली गाठोडी आहे. नेहमीच्या झिप पद्धतीने तिच्यात अनेक लहान फाइली एकत्र बांधलेल्या असतात. सोडवून पाहिली तर सर्वांत आधी एक चिमुकली फाइल हाती येते. तिच्यात केवळ वीस चिन्हे असतात आणि 'हे ईपब आहे' एवढेच ती सांगते. ती पहिलीच असली पाहिजे आणि दाबून लहान केलेली असता कामा नये, असा नियम आहे. पोथीच्या आरंभीच्या 'श्रीगणेशाय नमः' ची आठवण यावी असाच हा प्रकार. मजकुराशी संबंध नाही, पण त्यावाचून आरंभ होत नाही. पुढे ग्रंथाचा दाखला येतो. ग्रंथनाम, ग्रंथकर्ता, भाषा, तारीख यांची ही नोंद 'डब्लिन कोर' या पद्धतीने करतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला डब्लिन म्हटले की जॉइस आठवतो; हे डब्लिन मात्र अमेरिकेतील ओहायो राज्यातले, जेथे १९९५ मध्ये ग्रंथपालांनी व संगणकतज्ज्ञांनी एकत्र बसून ही पद्धती आखली. त्यानंतर गाठोडीतील सर्व वस्तूंची यादी, आणि मग त्या वस्तू कोणत्या क्रमाने वाचावयाच्या याचा निर्देश. या निर्देशाला नियमकर्त्यांनी 'स्पाइन', म्हणजे कणा, असे नाव दिले आहे. पृष्ठ टाकून देताना त्यांनी ग्रंथाचा कणा मात्र राखला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. कागद, समास, पृष्ठांक, टंकाचा आकार हे सर्व वाचकाच्या व यंत्राच्या मर्जीवर सोडले. पण पहिल्या प्रकरणानंतर दुसरे येईल, ही हमी सोडली नाही. ग्रंथ म्हणजे शेवटी काय, याचे उत्तर या यंत्रज्ञांनी नकळत देऊन ठेवले आहे: ग्रंथ म्हणजे क्रम.

त्या दाखल्याविषयी एका भाषांतरकाराचे गाऱ्हाणे येथेच सांगून टाकतो. ग्रंथकर्त्याप्रमाणे भाषांतरकाराचीही स्वतंत्र भूमिका नोंदविण्याची सोय या मानकात आहे. ग्रंथपालांच्या जुन्या संकेतांतून ती घेतलेली आहे. असे असून माझ्या एका भाषांतराची विद्युत् आवृत्ती निघाली तेव्हा माझे नाव मुखपृष्ठाच्या चित्रावर ठळक, आणि दाखल्यात मुळीच नाही. परिणाम असा की माझ्या नावाने शोध घेणाऱ्याला ते पुस्तक सापडत नाही. प्रकाशकांना लिहिले तेव्हा 'नाव तर दिसते आहे' असे उत्तर आले. दिसणे आणि नोंदलेले असणे यांतील हा भेद पुढे अधिक गंभीर रूपात भेटणार आहे.

ज्या वाचकाला पृष्ठ दिसतच नाही त्याच्या दृष्टीने हा सगळा इतिहास पुन्हा वाचला पाहिजे. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तके सिद्ध करणाऱ्या ग्रंथालयांनी १९९६ मध्ये 'डेझी' हा संघ स्थापन केला. त्या कार्याशी आणि पुढे ईपबच्या घडणीशी प्रथमपासून निगडित असलेले जॉर्ज कर्शर हे स्वतः अंध आहेत. पडद्यावरील पृष्ठाच्या चित्राचा अशा वाचकाला काडीचाही उपयोग नाही. त्याला हवी असते अक्षरांची खरी नोंद, शीर्षकांची उतरंड, 'येथे टीप आहे, येथून परत जा' अशी वाट. २००७ च्या मानकातील अनुक्रमणिकेची पद्धत डेझीच्या मानकातूनच घेतलेली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या ईपब ३ मध्ये ध्वनिमुद्रित वाचन आणि मजकूर यांना शब्दागणिक जोडण्याची सोय झाली. २०१३ मध्ये माराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अंधांसाठी ग्रंथांच्या प्रती करण्याचा मार्ग मोकळा केला. त्याला अनुमती देणारे पहिले राष्ट्र भारत होते, २०१४ साली. २०१६ मध्ये आपल्याकडे 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार २८ जून २०२५ पासून तेथे विकली जाणारी विद्युत्पुस्तके अशा वाचकांना सुलभ असणे बंधनकारक झाले आहे. जे पुस्तक डोळ्यांवाचून वाचता येते तेच यंत्राला शोधता येते, तेच कोशकाराला चाळता येते. अंध वाचकाची गरज आणि पाठचिकित्सकाची गरज येथे एकच ठरते.

ईपब ३ च्या संदर्भात जपानचा उल्लेख केलाच पाहिजे. जपानी गद्य परंपरेने उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे छापले जाते आणि कठीण चिन्हांशेजारी उच्चार दाखविणारी बारीक अक्षरे असतात. २००७ च्या मानकात यांपैकी कशालाच जागा नव्हती. मुराता माकोतो या तज्ज्ञाच्या पुढाकाराने या मागण्या २०११ च्या आवृत्तीत आल्या. अरबी, हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचीही सोय तिच्यातच झाली. एका देशाच्या वाङ्मयाने आपली मुद्रणपरंपरा हातची जाऊ न देता जगाच्या मानकालाच वाकविले, ही घटना भाषांच्या इतिहासात नोंदवावी अशी आहे.

मराठीला अशी लढाई करावी लागली नाही, कारण आपली ओळ डावीकडून उजवीकडे जाते. आपला अडथळा निराळाच होता, आणि तो मानकात नव्हता. आपल्या फाइलींत होता. युनिकोड या सर्वलिपिसंकेताच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनेही भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक प्रसिद्ध केले होते. तथापि आपल्या छपाईच्या व्यवसायात पुढील दोन दशके राज्य होते ते निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांचे. त्यांत 'क' हा क म्हणून नोंदलेला नसे. रोमन लिपीतील एखाद्या अक्षराच्या जागी क चे चित्र बसविलेले असे. काना वेगळ्या जागी, अर्धा भाग वेगळ्या जागी, आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रास असे. कागदावर छापण्यापुरते हे पुरेसे होते, म्हणून कोणाचे काही अडले नाही. अशा फॉन्टांतून सिद्ध केलेले पीडीएफ आजही सुंदर दिसते. त्यात एखादा शब्द शोधावयाला जा, यंत्र हात वर करते.

ईपबचा मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे असा नियम आहे, आणि येथे आपल्या वाङ्मयाला हिशेब द्यावा लागला. त्या दोन दशकांत जुळविलेली मराठी पुस्तके ईपबमध्ये आणावयाची म्हणजे आधी त्यांची अक्षरे पुन्हा अक्षरे करावयाची. प्रस्तुत लेखकाने शतकाच्या अखेरीस भाषांतरित केलेल्या एका कादंबरीची हस्तलिखित प्रत राहिली नव्हती; होती ती एक फाइल, अशाच एका फॉन्टातली. रूपांतरयंत्रातून ती बाहेर आली तेव्हा बहुतेक मजकूर धड होता. पण मराठीत 'र' जोडण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांवर अर्थ टांगलेला असतो, हे त्या यंत्राला कोणी सांगितले नव्हते. कथेतील जमीनदार स्वयंपाक बिघडविल्याबद्दल आचाऱ्याला शिवीगाळ करतो. नव्या प्रतीत तो आचार्याला शिव्या घालू लागला. डोंगरातील दऱ्या ओलांडणारी माणसे दर्या ओलांडू लागली, आणि त्यामुळे प्रवासवर्णनाला एक अनपेक्षित भव्यता आली. दोनशे साठ पृष्ठे मी पुन्हा अक्षर अक्षर वाचली. माझे पुस्तक वाचले, कारण मी जिवंत होतो आणि मला वेळ होता. जे लेखक हयात नाहीत त्यांच्या फाइली कोण वाचणार?

लिपीच्या इतिहासात यंत्राने असा निर्णय पूर्वीही केलेला आहे. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले तेव्हा मराठी मजकूर देवनागरीत छापावा लागला, कारण मोडीचे खिळे उपलब्ध नव्हते. पुढे मोडीचे खिळे पाडून काही पुस्तके निघालीही; परंतु मुद्रणाचा ओघ बाळबोधीकडे वळला तो वळलाच. दोन शतकांनंतर, २०१४ मध्ये, मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ईपबमध्ये फॉन्ट सोबत बांधता येतो. म्हणजे मोडीतील एखादी बखर तिच्या मूळ लिपीतच, आणि तरीही शोधता येण्याजोगी, आज प्रसिद्ध करता येईल. कॅरीच्या खिळेकारांना जे जमले नाही त्याला आता खिळ्यांची सबब उरलेली नाही.

येथवर खुलेपणाची बाजू सांगितली. तिला एक मोठा अपवाद आहे. मानक खुले असले तरी त्याच मानकाने गाठोडीला कुलूप घालण्यास मोकळीक ठेवली आहे. कुलूप कोणते, हे मात्र ठरविलेले नाही. यामुळे विकली जाणारी पुष्कळशी ईपब पुस्तके निरनिराळ्या कंपन्यांच्या कुलपांत बंद असतात. जुलै २००९ मध्ये ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'च्या विकलेल्या प्रती ॲमेझॉनने वाचकांच्या किंडल यंत्रांवरून दूर बसून पुसून टाकल्या. ज्या आवृत्तीच्या विक्रीचा हक्क नव्हता ती विकली गेली होती, हे कारण खरेच होते. कंपनीने पुढे क्षमाही मागितली. यातील उपरोध सांगण्याची गरज नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले आणि पुस्तके गेली. कोणत्याही छापील ग्रंथाच्या दुकानदाराला हे साधले नसते.

महानुभावांचा दाखला येथे आठवतो. मराठीतील आद्य गद्य त्या पंथाने सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने त्या लिप्यांची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, तोवर 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला जणू अस्तित्वातच नव्हता. कुलपाने ग्रंथ जगापासून तोडला, ही गोष्ट खरी. पण त्या कुलपामागे पिढ्यान्‌पिढ्या नकला करणारे महंत होते. किल्ली गुप्त असली तरी ती कोणाच्या तरी कंठात होती. कंपनीच्या कुलपामागे असा पंथ नसतो. कंपनी बुडाली, विकली गेली किंवा तिचे मन बदलले की किल्ली नाहीशी होते, आणि नकला करणे तर कायद्याने गुन्हा ठरविलेला असतो. लेखकाचे स्वामित्व जपले जावे याविषयी मला शंका नाही; माझाही चरितार्थ काही अंशी त्यावर चालतो. पण विद्युत्पुस्तकाची एक कुलूप नसलेली प्रत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ताब्यात असावी, छापील पुस्तकाच्या प्रती कायद्यान्वये जशा राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जातात तशी, एवढी मागणी लेखकांनीच करावयास हवी.

कुलपाहून सूक्ष्म असा आणखी एक प्रश्न आहे, पाठभेदाचा. ईपब ३ च्या नियमानुसार प्रत्येक फाइलीत ती शेवटी केव्हा बदलली याची तारीख व वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असावी लागते. ही तरतूद पाहून पाठचिकित्सकाने प्रथम आनंदित व्हावे, आणि मग विचारात पडावे. बदल झाला हे तारीख सांगते; काय बदलले ते सांगत नाही, आणि जुनी फाइल बहुधा नव्या फाइलीखाली गाडली जाते. छापील ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील चूक दुसरीत सुधारली तरी पहिली आवृत्ती कोठल्या तरी वाचनालयाच्या फळीवर साक्षीला उभी असते. माझा आचारी पुन्हा आचारी झाला तेव्हा आचार्यांना शिव्या देणारी प्रत कोठेही उरली नाही. त्या प्रसंगी ते माझ्या पथ्यावर पडले; पण एखाद्या लेखकाने, किंवा त्याच्या वारसाने, दडपणाखाली गाळलेला उताराही इतक्याच निःशब्दपणे नाहीसा होऊ शकेल.

मानककर्त्यांना स्वतःला मात्र जुन्याची कदर आहे, हे त्यांच्या इतिहासातील एका प्रसंगावरून दिसते. जानेवारी २०१७ मध्ये ईपब ३.१ ही आवृत्ती मान्य झाली. तिने काही जुन्या तरतुदी काढून टाकल्या, त्यामुळे आधीच्या फाइली नव्या नियमांत बसेनात. त्याच महिन्यात, काही सभासदांचा विरोध असताना, ही संस्था आंतरजालाची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघात विलीन झाली. प्रकाशकांनी ३.१ कडे जवळजवळ पाठ फिरविली. हजारो पुस्तके पुन्हा घडविण्याची त्यांची तयारी नव्हती. मे २०१९ मध्ये ३.२ आली ती मागे वळूनच: २०१४ च्या ३.०.१ या आवृत्तीशी सुसंगत. २५ मे २०२३ रोजी डब्ल्यूथ्रीसीने ३.३ ही आवृत्ती आपली अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, तिनेही हेच धोरण पुढे चालविले. नवे करण्याच्या भरात जुना ग्रंथ परका होता कामा नये, हे ज्यांनी आपला निर्णय फिरवून मान्य केले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. अशी माघार पंडितांच्या सभेत क्वचितच पाहावयास मिळते.

वाहत्या मजकुराने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो कवितेवर. कादंबरीची ओळ कोठे तुटते याला महत्त्व नाही. मुक्तछंदाच्या कवितेत ओळ तुटण्याची जागा हाच अर्थ असतो. वाचकाने अक्षर मोठे केले की कवीची लांब ओळ मोडून दोन होते, आणि त्यातली कोणती मोड कवीची आणि कोणती पडद्याची हे कळेनासे होते. दुमडलेला भाग आत सरकवून दाखविण्याची सोय आहे, पृष्ठ गोठवून ठेवण्याचीही आहे. पहिली बहुतेक प्रकाशक वापरीत नाहीत आणि दुसरी वापरली की आपण पुन्हा पीडीएफच्या कैदेत. कवितेच्या भाषांतरासाठी मी अजून कागदच पसंत करतो.

आता पुन्हा पत्त्याकडे. आपण पृष्ठांकाला ग्रंथाचा जन्मजात अवयव समजतो, पण मराठी वाङ्मयाच्या बहुतांश आयुष्यात तो नव्हता. पोथीला पत्रे असत, आणि ती प्रतीप्रतीगणिक बदलत. म्हणून जुन्यांनी पत्ता पानावर न ठेवता मजकुरातच ठेवला. 'ज्ञानेश्वरी'चे अवतरण आपण आजही अध्याय आणि ओवी यांनी देतो, 'लीळाचरित्रा'चे लीळेच्या क्रमांकाने. ईपबने २०११ पासून अशीच एक पत्तापद्धती पुरविली आहे: कण्यातील कितवा भाग, त्यातील कितवा परिच्छेद, त्यातील कितवे अक्षर, अशा पायऱ्या उतरत नेमक्या जागी पोहोचावयाचे. पडदा लहान असो की मोठा, अक्षर बारीक असो की ठळक, पत्ता तोच. तिच्यात दोष आहे तो गाथेच्या अभंगक्रमांकातला. संपादकाने एक अभंग वर घातला की पुढचे सगळे क्रमांक ढळतात, तसा एक परिच्छेद वाढला की पत्ता चुकू शकतो. शिवाय तो यंत्राने वाचावयाचा पत्ता आहे. माणसाला तो निबंधाच्या तळटीपेत छापता येईल, पण व्यासपीठावरून उच्चारता येणार नाही. कादंबरीकारांनी ओवीकारांप्रमाणे आपल्या परिच्छेदांना क्रमांक द्यावेत असे सुचविण्याचा मोह होतो. ते कोणी ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे.

त्या चर्चासत्रानंतर काही महिन्यांनी मी ती कादंबरी विकत घेतली. एका लहान प्रकाशनसंस्थेने ती कुलूप न घालता विकली होती, तेव्हा गाठोडी सोडून पाहता आली. अनुक्रमणिकेच्या फाइलीत प्रकरणांच्या यादीखाली आणखी एक लांबलचक यादी होती: छापील आवृत्तीचे प्रत्येक पृष्ठ मजकुरात नेमके कोठे सुरू होते त्याची. मानकात ही सोय पहिल्यापासून आहे, आणि कोणा अनाम कर्मचाऱ्याने ती इमानाने पुरी केली होती. त्या अभ्यासकाचे यंत्र ती दाखवीत नव्हते, इतकेच. त्याने वाचलेला उतारा पृष्ठ १८७ वर होता. मी अध्यक्षांना आणि त्याला, दोघांनाही एकेक पत्र टाकले.